माझ्याच मशीनवर चालणारी सीडी

हे माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं — आणि तो तर त्याच खोलीत, त्याच दिवाणावर पाय पसरून बसलेला असायचा. मुलाला नाही, सुनेला नाही, शेजारणींना तर नाहीच नाही. एका बटणाची गोष्ट आहे. ते बटण मी दाबलं नाही. आता तुम्ही म्हणाल, न दाबलेल्या बटणाचा एवढा काय बाऊ, आजी? — जरा थांबा. मलाही थेट तिथं पोचता येत नाही. गुडघ्यांसारखंच झालं आहे, एका दमात जिना चढत नाही.

मी चौथी पास. शाळा सुटली ती सुटलीच, पण वाचायची खोड सुटली नाही. भज्यांच्या पुडीचा कागदही वाचूनच टाकते. म्हणून लिहिते आहे. तोंडानं सांगायला गेले असते तर कोणीतरी मध्येच म्हटलं असतं, जाऊ द्या हो, त्यात काय एवढं. आणि मी जाऊ दिलं असतं.

तर आधी मशीनचं सांगते.

मोबाइलवर सिनेमे दिसायला लागले नव्हते, तेव्हा डीव्हीडी रेकॉर्डर नावाची वस्तू निघाली होती. टीव्हीवर जे चाललं आहे ते सीडीवर उतरवून घ्यायचं. डीव्हीडी म्हणा की आणखी काही, गोल आणि चमकणारं सगळं आमच्यासाठी सीडीच. माझा मुलगा पुण्याला. त्याला माझं दुखणं माहीत होतं — आमच्या सक्करदऱ्यात लाइट जायची ती नेमकी माझ्या मालिकेच्या वेळेला. तो म्हणाला, आई, रेकॉर्डर घे, मालिका पुन्हा दाखवतात तेव्हा टेप करून ठेव आणि तुला पाहिजे तेव्हा पाहा. मी म्हटलं, घेते. मला काही घ्यायला सांगितलं की मी मागे हटत नाही.

सीताबर्डीच्या दुकानात मी आणि आमचा म्हातारा गेलो. दुकानदारानं मशिनी मांडल्या. ह्यात हार्डडिस्क आहे, ह्यात नाही, ह्यात प्लसवाली सीडी चालते, ह्यात मायनसवाली, ह्यात दोन्ही. मला काय कळणार? आणि ज्यांना कळत असल्याचं ते दाखवतात, त्यांनाही किती कळत असेल, देव जाणे. मी माझ्या कामाचं तेवढं विचारलं. लाइट गेली तर घड्याळ राहतं का? रिमोटची बटणं माझ्या बोटाएवढी आहेत का? बिघडलं तर माणूस सक्करदऱ्यापर्यंत येतो का, की आम्हीच डोक्यावर घेऊन यायचं? आणि शेवटी विचारलं, लाइट नसताना टेप करते का? तो म्हणाला, "काकू, लाइट नसली तर मी भी दुकान बंद करून घरी जातो, मशीन काहून काम करन?"

आमच्या म्हाताऱ्यानं मात्र टरबूज पाहावं तशी एकेक मशीन उचलून पाहिली. सर्वांत जड होती ती घेतली. "वजनदार हाये, टिकन," म्हणाला. अशी आमची पारख.

त्या मशीननं मला पहिले दोन महिने काय छळलं, ते लिहिलं तर वेगळं पुस्तक होईल. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन वायरी. पिवळी चुकून पांढऱ्याच्या भोकात गेली की चित्र गायब आणि नुसता घुर्र आवाज. लाइट जाऊन आली की घड्याळ शून्य-शून्य-शून्य करत डोळे मिचकावत बसायचं — "घड्याळ राहतं" म्हणाला होता तो! मग टायमर कुठला लागतो? आणि लागलाच तर मशीन बिचारं आपल्या वेळेला टेप करायचं, पण टीव्हीच्या डब्यावर जे चॅनल लावलेलं असेल तेच करायचं. म्हाताऱ्यानं मध्ये कुस्ती लावली की माझ्या मालिकेत कुस्ती. एकदा सासू सुनेला घराबाहेर काढते तो भाग होता, मी आठवडाभर त्याची वाट पाहिलेली. सीडी लावली, तर एक मिशीवाला गृहस्थ संत्र्याच्या झाडाला खत कसं घालायचं ते सांगतोय. मी पाहिला तोही. पैसे भरले होते ना. सीडीचा एक अख्खा गठ्ठा चुकीच्या जातीचा निघाला, मशीन तोंडातच घेईना. त्या मी दोऱ्यानं गच्चीवर टांगल्या, कबुतरं यायची थांबली. तेवढं एक काम झालं.

पण मला ते यंत्र आवडायला लागलं होतं. का? — इथून खरी गोष्ट सुरू होते, आणि इथूनच माझा हात जड होतो.

माझी जाऊ गिरजाबाई. नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. मी तिला बाई म्हणते, अहो-जाहो करते. ती मला कौसल्या म्हणते, अगं-तुगं करते. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही एकाच घरात राहायचो, आणि घरात टीव्ही आला तो तिच्या खोलीत. तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, तेव्हाच्या टीव्हीला लाकडी खोकं असायचं आणि पुढे सरकणारं दार. दाराला कुलूप. किल्ली बाईंच्या पदराला. सगळ्या बायका जमिनीवर बसायच्या आणि बाई पलंगावर. मन राजी असलं तर सिनेमा पुरा दाखवायच्या. नसलं, तर मध्येच उठून दार सरकवून कुलूप. "चला वं, भाकरी टाका." हिरॉइनचं लग्न झालं की नाही, हे मला कित्येक सिनेमांचं आजवर माहीत नाही.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. माणसं टीव्हीला कुलूप लावतात, म्हणून दुसऱ्यानं काहीही करावं, असं नसतं. तुम्हाला समजावं म्हणून सांगितलं, बस.

पुढे घरं वेगळी झाली. बाई सक्करदऱ्याच्या तलावाच्या अंगाला राहायला गेल्या, आमच्यापासून पायी जायच्या अंतरावर. माझे भासरे — म्हणजे बाईंचे मालक — कोराडीच्या वीज कारखान्यात होते. मोठा आवाज, मोठं पोट, मोठं हसू. मुलाचं लग्न केलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात गेले. त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. त्यात भन्तेजी त्रिशरण म्हणून घेतात, पांढऱ्या साडीतली नवरी दिसते, जेवणावळ दिसते, आणि मधेच भासरे दिसतात. कॅमेरावाल्याचा हात धरून त्याला मठ्ठ्याच्या पिंपाकडे ओढत नेतात आणि म्हणतात —

"थे पाय, थे माही बायको. काहून लपून राहिली वं? जलमभर माह्यावर डोळे वटारले अन् आता फोटोवाल्याले लाजून राहिली!"

आणि बाई तोंडावर पदर घेऊन हसतात. पूर्ण कॅसेटमध्ये भासऱ्यांचा आवाज तेवढाच. पूर्ण जगात म्हणा ना. त्या काळी कोण कोणाचा आवाज भरून ठेवत होतं?

कॅसेटला पावसाळ्यात बुरशी लागते. बाईंकडचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता; माझ्याकडचा कसाबसा जिवंत होता. नवं मशीन आल्याचं कळलं तशी बाई कॅसेट पदराखाली घेऊन आल्या, आजारी लेकरू आणावं तशी. मी तिन्ही वायरी जोडल्या, बरोबर जोडल्या, आणि सीडी भरली. लग्न जेवढ्या वेळाचं तेवढाच वेळ भरायला लागतो, त्यामुळे आम्ही दोघी सबंध लग्न पाहत बसलो. काम झालं आणि कॅसेट बाहेर काढायला गेले, तर व्हीसीआरनं टेप गिळली. ओढली तर तुटली, चुरगळली, शेवया झाल्या. बाईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, भिऊ नका, सीडी आहे ना.

बाई सीडी घेऊन घरी गेल्या. त्यांच्याकडे नातवाचा साधा प्लेअर होता. दुसऱ्या दिवशी परत. "चालून नाई राहिली वं. नुसतं गोल गोल फिरते." माझ्या मशीनवर लावली तर मस्त चालली. काय भानगड? तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. एवढी गोष्ट माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

दुकानाचा मेकॅनिक दुसऱ्याच कामासाठी आला होता. टकला, पन्नाशीचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बोलायचा. त्याला मी विचारलं. तो हसला. "काकू, लोणच्याच्या बरणीले फडक्याचा दादरा बांधल्याबिगर दुसऱ्याच्या घरी पाठवता का? सीडी फायनल करा लागते. इथून दाबा, मंग इथून दाबा. आता कोणाच्याही मशीनवर चालन." माझ्या मालिकेची एक सीडी त्यानं तशी करून दाखवली. शेजारच्या घरी लावून पाहिली. चालली.

बाईंची सीडी तिथंच टेबलावर होती. तो म्हणाला, "लावा, हे बी करून देतो."

आणि मी म्हणाले, "राहू द्या. तिच्यात अजून भराचं हाये."

का म्हणाले? मी तेव्हापासून विचार करते आहे, आणि खोटं उत्तर सापडलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. लाइटची भीती होती, असं म्हणता येईल. मेकॅनिकनंच सांगितलं होतं की सीडी फायनल होत असताना लाइट गेली तर सीडी कामातून जाते, आणि आता कॅसेटही उरली नव्हती. चांगलं कारण आहे. पण ते मला नंतर सुचलं. त्या क्षणी मनात एकच चित्र आलं — बाई माझ्या दारात उभ्या, चप्पल काढतायत, आणि रिमोट माझ्या हातात. बस.

संध्याकाळी बाई आल्या. मी एकदम गंभीर तोंड केलं. "बाई, हे असंच असते म्हणे. रेशनकार्ड नाई का, ज्या दुकानात नाव तिथंच राशन भेटते? तसं हाये. ज्या मशीनवर भरली त्याच मशीनवर चालते."

बाई म्हणाल्या, "बाप्पा! म्हंजे आता मले माह्याच नवऱ्याले पाहाले तुह्या दारी यावं लागन का?"

"हाव," मी म्हटलं. "चहा माह्याकडून."

हसल्या त्या. मीही हसले. रेशनकार्डाचं त्यांना पटलं, गल्लीतल्या बायकांनाही पटलं. सरकारनं आयुष्यभर असेच नियम शिकवलेत, एक जास्त झाला म्हणून कोण अडवतं? बायकांनीही आपापल्या लग्नांच्या, नामकरणांच्या कॅसेटी आणल्या. मी सगळ्यांच्या सीड्या भरल्या आणि एकीलाही दादरा बांधला नाही. सगळ्या माझ्याकडेच. मग दुपारी माझ्या घरी बाजार भरायचा. मी दिवाणावर, बाकीच्या खाली. कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, कोणी दोनदा ताट घेतलं, कोणाच्या नवऱ्याला तेव्हा केस होते — मला सगळं पाठ. इतकी मजा मी आयुष्यात केली नव्हती. ते नाकारलं तर तेही एक खोटंच होईल.

पण बाई वेगळ्या यायच्या, एकट्या. त्यांना सबंध लग्न नको असायचं. मठ्ठ्याचं पिंप तेवढं पाहिजे असायचं. मी लगेच लावायचे नाही. आधी माझी मालिका. तोवर बाई माझी मेथी निवडायच्या, तांदूळ पाखडायच्या, न सांगता. मग मी सीडी घालायचे, हळूहळू पुढे न्यायचे, आणि भासरे यायचे. "काहून लपून राहिली वं?" की बाई पडद्याकडे पाहून ठणकावायच्या, "लपून नाई राहिली, मठ्ठा पाहून राहिली!" दर वेळी. एकदाही चुकल्या नाहीत. आमचा म्हातारा दिवाणावरून म्हणायचा, "वहिनी, थो ऐकत नाई आता." बाई म्हणायच्या, "तवा बी कुठं ऐकत होता?"

मध्ये एकदा त्यांना शंका आली असावी. की आशा म्हणू? त्यांनी नवा प्लेअर घेतला. सीडी माझ्याकडून नेली. चालली नाही. प्लेअर बदलून आणला. त्यावरही चालली नाही. मग बाईंनी भर सीताबर्डीत त्या दुकानदाराला जे काही ऐकवलं — "चोट्ट्या, रिकामा डबा देऊन राहिला का मले?" — ते मी तिथं उभी राहून ऐकलं, कारण मला त्या मदतीला घेऊन गेल्या होत्या. तो गरीब माणूस शपथा घेत होता की प्लेअर चांगला आहे, सीडीत खोट आहे. खोट कशात आहे हे माहीत असणारी एकच बाई त्या दुकानात होती, आणि तिनं काय केलं? तिनं जावेच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चला बाई, हे लोक असेच." परत येताना आम्ही उसाचा रस प्यायलो. बाईंनी पाजला.

दोन-तीन वर्षं गेली अशी.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मी एवढ्या घिरट्या घालते आहे. बटण तर आहेच. पण बटणाहून वाईट एक गोष्ट आहे.

भासऱ्यांचा स्मृतिदिन मे महिन्यात येतो. आमचा मे तुम्हाला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या दिवशी बाई सकाळीच आल्या. माझ्या हातचा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "कौसल्या, तुह्या चहात पत्ती कमीच असते वं." तेवढंच. खरंही होतं ते, मी पत्ती कमीच टाकते. पण मला लागलं. सीडी लावली. वरात गेली, भन्तेजी झाले, पंगत बसली, भासऱ्यांनी कॅमेरावाल्याचा हात धरला — आणि मी मशीन बंद केलं.

"गरम झालं बाई," मी म्हटलं. "आता उद्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिमोटकडे. मांडीवरची मेथी पुरी निवडून झाली नव्हती, ती निवडली, काड्या कागदात बांधल्या, आणि गेल्या. नवऱ्याच्या स्मृतिदिनी. मशीन काही गरम झालेलं नव्हतं. मी हात लावून पाहिलं होतं. कूलरच्या वाऱ्यात ते माझ्यापेक्षा थंड होतं.

मला त्या दिवशी झोप लागली नाही वगैरे म्हणेन, असं वाटलं असेल तुम्हाला. छान लागली. मालिका पाहिली, आंबा खाल्ला, झोपले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या भर दुपारी. सकाळी घरचं आवरत बसल्या असतील, आणि मी तर "उद्या" म्हटलं होतं. डोक्याला ओला दुपट्टा, कनवटीला कांदा, सगळं रीतीप्रमाणे. पण ऊन रीत मानत नाही. आमच्या फाटकाची कडी काढली आणि तिथंच बसल्या. बसल्या म्हणजे पडल्या. म्हाताऱ्यानं आणि मी मिळून आत आणलं. कूलरसमोर चटई टाकली, डोक्यावर पाण्याचा टॉवेल, तळपायांना कांदा. अंग तव्यासारखं. डोळे मिटलेले. म्हातारा डॉक्टरांना आणायला धावला — म्हणजे त्याला जमतं तेवढं धावला — आणि घरात आम्ही दोघी.

मी मशीनपुढे बसले. सीडी आत होती, कालपासून. मी बटण दाबलं.

दया आली म्हणून? नाही. घाबरले म्हणून. ही बाई माझ्या चटईवर गेली तर मला कोणी काही म्हणणार नव्हतं, आणि तेच मला सहन झालं नसतं. पडद्यावर एक पट्टी आली, हळूहळू भरायला लागली. ती भरत असताना लाइट गेली असती तर भासरे कायमचे गेले असते. आणि ती वेळ लाइट जायचीच होती, आमच्या गल्लीची रोजची. मी एकदा पट्टीकडे पाहायचे, एकदा पंख्याकडे, एकदा बाईंच्या छातीकडे. तिन्ही चालू होती. मला प्रार्थना करायची सवय नाही. मी नुसतं मशीनला म्हटलं, मर, पण आधी एवढं पुरं कर.

झालं पुरं. पट्टी भरली, सीडी बाहेर आली. थोड्याच वेळात लाइट गेली, कूलर थांबला, आणि त्या शांततेत बाईंनी एक डोळा उघडला.

"काहून बंद केलं वं?" त्या म्हणाल्या. "मशीन आज बी गरम झालं का?"

मी हसले. काय करणार? रडणं मला येत नाही. डॉक्टर आले, बाटली लावली, उन्हात फिरू नका म्हणाले. कैरीचं पन्हं पिऊन संध्याकाळपर्यंत बाई माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतक्या बऱ्या झाल्या. जाताना मी सीडी त्यांच्या हातात दिली. आणि आता तरी खरं सांगायचं ना? नाही. मी म्हटलं, "मेकॅनिक सकाळी आला होता बाई, त्यानं कायतरी औषध मारलं हिच्यावर. लावून पाहा घरी."

त्यांनी घरी लावली. मला फोन केला. "चालते वं, कौसल्या! चालते!" मागे भासऱ्यांचा आवाज येत होता, आणि फोन तसाच धरून त्या पडद्याला ओरडून सांगत होत्या, की मठ्ठा पाहून राहिली.

त्यानंतर बाकीच्या सीड्यांनाही मी एकेक करून दादरा बांधला. सगळ्यांना तेच सांगितलं — औषध. बायका आपापलं लग्न घेऊन आपापल्या घरी गेल्या. बाई पहिल्यासारख्या येईनात, आल्या तर तासाभरासाठी. मला करमेना. त्यांच्यावाचून करमेना, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मला माझ्या दिवाणावाचून करमेना. दिवाण तिथंच होता, खाली बसणारं कोणी नव्हतं.

आणि बाईंनी माझं नाव केलं. जिथं जातील तिथं. एका लग्नात मला स्वतःच्या शेजारी बसवून पंगतीला मोठ्यानं सांगितलं, "माह्या मालकाले हिनं माह्या घरी आणून देल्लं. सख्खी बहीण करत नाई एवढं." माझ्या हातात जिलबी होती. मी मान हलवली आणि ती खाल्ली. दुसरीही घेतली.

ते मशीन पुढे मेलं. म्हातारा गेला. बाई आता मुलाकडे बुटीबोरीला असतात, कारखान्यांच्या मागे त्यांचं घर आहे. ऐकू कमी येतं, पण तोंड तेवढंच चालतं. मागच्या महिन्यात त्यांच्या नातीनं ती सीडी मोबाइलमध्ये उतरवली आणि आमच्या खानदानाच्या ग्रुपवर टाकली. आता भासरे सगळ्यांच्या खिशात आहेत. पुण्यात आहेत, बंगलोरला आहेत, एक भाचा परदेशात आहे, त्याच्याकडेही आहेत. सगळ्यांना विचारतात, काहून लपून राहिली वं.

खाली बाईंनी नातीकडून एक ओळ लिहून घेतली आहे. हा व्हिडिओ कौसल्याकाकूमुळे वाचला. पुढे जोडलेल्या हातांची चित्रं. खाली सगळ्यांचे धन्यवाद, ओळीनं. नातीनं मला फोन करून विचारलंही, "काकूआजी, पाह्यलं का? आजी विचारून राहिली, तुमचं नाव बरोबर लिहिलं ना?"

मी म्हटलं, बरोबर लिहिलं आहे.